पोटदुखीचा बहाणा

तरुण शिपायाला आतड्याच्या दाहाचा रोग जडला म्हणजे त्याच्याविषयी जो पूर्वपक्ष निवृत्तांच्या बैठकींत, हिशेबी टिपणांत आणि क्वचित् वैद्यकीय बोर्डाच्या शेऱ्यांतही आढळतो, तो प्रथम त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे हे प्रतिवाद करणाऱ्याचे कर्तव्य होय. दुबळा करून मांडलेला पक्ष खोडून काढण्यात कसला आला आहे पुरुषार्थ? तो पक्ष असा : फौज ही धडधाकट माणसांची संस्था आहे, आणि तिच्या तिजोरीवर पहिला हक्क शत्रूच्या गोळीने जायबंदी झालेल्यांचा. पोटाचे दुखणे दिसत नाही, मोजता येत नाही, आणि परेड चुकवू पाहणाऱ्याला ते नेमके परेडच्या वेळी होते, असा प्रत्येक हवालदार-मेजराचा अनुभव. त्यातून एखाद्याचे दुखणे खरे निघालेच, तर तो रोग मुळात त्याच्या देहप्रकृतीतच होता. घरी शेती करीत राहिला असता तरी झालाच असता. सबब सेवेचा व रोगाचा संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणून पेन्शनही नाही. शेवटी, ज्याला तासातासाला शौचास जावे लागते त्याच्या खांद्यावर रायफल देऊन त्याला सीमेवर उभे करणे म्हणजे त्याच्या सोबत्यांच्या जिवाशी खेळणे, तेव्हा त्याला लवकरात लवकर घरी पाठवावे, यातच सर्वांचे हित.

हा पक्ष मांडणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांपैकी पुष्कळांनी स्वतः बर्फात आणि वाळवंटात वर्षे काढलेली असतात, आणि त्यांच्या युक्तिवादाच्या तिसऱ्या भागात तथ्याचा अंश आहे, हे मी पुढे मान्य करणारच आहे. परंतु पहिले दोन भाग एकमेकांच्या शेजारी उभे केले की एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. शिपाई आजारी असल्याचे सांगतो तेव्हा त्याला सोंग म्हणावयाचे. आणि दुर्बिणीने आतड्याचे व्रण दाखविले, सोंग म्हणण्याची सोय उरली नाही, की तोच रोग त्याने जन्मतःच बरोबर आणला होता असे म्हणावयाचे. कामचुकार म्हणून ज्याला दोन वर्षे परत धाडले, त्यालाच तिसऱ्या वर्षी ‘तुझ्या रक्तातच हा रोग होता’ असे ऐकविणाऱ्या दप्तराला दोन्ही वेळा एकच सोय साधावयाची असते, ती म्हणजे आपण काहीही देणे न लागण्याची.

प्रथम रोग काय आहे ते पाहू, कारण सोंगाचा आरोप रोगाच्या अज्ञानावरच पोसलेला आहे. ज्याला वैद्यक अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणते त्याचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले. त्याचा सहोदर जो क्रोन्स रोग, तो १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी जगापुढे मांडला. पहिला गुदाशयापासून आरंभ करून मोठ्या आतड्यात सलग वर चढत जातो आणि आतले अस्तर सोलून काढतो. दुसरा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, ठिगळाठिगळांनी, आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी पोखरू शकतो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, आणि त्यामागे आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोल आणि बाहेरचे काही आघात अशी संमिश्र कारणे असतात. हे रोग बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात प्रकट होतात, म्हणजे नेमके त्या वयात, ज्या वयात मुलगा भरतीच्या मैदानावर धावत असतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात, जेथे घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत, या रोगाला लोक सरसकट ‘आव पडते’ असे म्हणतात, आणि पहिले वर्ष-दोन वर्षे दवाखान्यांतूनही अमीबाच्या गोळ्यांवरच निघून जातात. यात सगळा दोष वैद्याचा नाही. आपल्याकडे अमीबाची आव खरोखरच मुबलक आहे, आणि क्रोन्सच्या बाबतीत तर आतड्याचा क्षय त्याच्याशी इतका मिळताजुळता की मोठमोठ्या रुग्णालयांतही घोटाळा होतो. तथापि हा रोग मोजता येत नाही हे म्हणणे १९५५ पासून खोटे ठरलेले आहे. त्या वर्षी ट्रुलव्ह व विट्स या दोन इंग्रज वैद्यांनी कॉर्टिसोनचा प्रयोग प्रसिद्ध करताना तीव्र कोलायटिसची जी मोजमापे दिली ती आजही प्रमाण मानली जातात : दिवसाला सहा किंवा अधिक रक्तमिश्रित शौच, नाडी नव्वदच्या वर, ताप, पांडुरोग, आणि रक्तकणांच्या अवसादनाचा वाढलेला वेग. हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली आणण्याचे सोंग कोणाला वठवता येते? दुर्बिणीतून दिसणारे, स्पर्शाने रक्त सोडणारे लालभडक अस्तर कोणता नट उभे करील? हवालदार-मेजराचा अनुभव मी नाकारीत नाही; बहाणेबाज असतात. परंतु बहाणा ओळखण्याचे साधन उपलब्ध असताना त्याचा उपयोग न करता नुसत्या अनुभवावर निकाल देणे यास शिस्त म्हणता येत नाही.

येथे एका सैनिकाचे नाव घेणे अप्रस्तुत होणार नाही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त फौजांचे सरसेनापती ड्वाइट आयझेनहॉवर यांचे १९२३ मध्ये आंत्रपुच्छ काढलेले होते, पोटदुखीचे झटके त्यांना पुढे कित्येक वर्षे येत राहिले, आणि क्रोन्सचे निदान झाले ते १९५६ च्या मे महिन्यात, ते राष्ट्राध्यक्ष असताना, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. ९ जूनच्या पहाटे वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात आतडे अडून बसल्यामुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. सेनापतीला जे परवडते ते शिपायाला परवडत नाही, तंबूत नकाशा पाहणे वेगळे आणि खंदकात उभे राहणे वेगळे, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच या उदाहरणावरून मी एवढेच काढतो की ज्या सैन्यात पंचतारांकित सेनापतीच्या पोटात काय आहे हे उमगायला इतकी वर्षे गेली, तेथे बाविशीतल्या शिपायाचे पोट एका सकाळच्या तपासणीत ‘नॉर्मल’ ठरविणाऱ्याने थोडा विनय बाळगावा.

आता दुसरा आणि खरा वजनदार मुद्दा : रोग देहप्रकृतीतला, सेवेचा नव्हे. प्रवृत्ती जन्मजात असते हे खरे. पण प्रवृत्ती म्हणजे रोग नव्हे, आणि प्रवृत्ती असलेल्यांपैकी बहुसंख्यांना तो आयुष्यभर होत नाही. मग ज्यांना होतो त्यांना कशामुळे होतो, आणि झालेला कशामुळे चिघळतो, याचा विचार शिपायाच्या दिनक्रमाच्या जवळ जाऊन केला पाहिजे. पोस्टवरचे पाणी बर्फ वितळवून किंवा नाल्यातून येते. युनिटमध्ये जुलाबाची साथ आली की एका लंगरावर जेवणारे सगळेच एका आठवड्यात आडवे होतात. आणि अमेरिकेच्या सक्रिय सेवेतील सैनिकांच्या वैद्यकीय नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की ज्यांच्या नोंदीत जंतुसंसर्गाने झालेल्या जुलाबांचा प्रसंग होता, त्यांना पुढे हा दाहरोग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १.४ पट होती. दुसरे, गुडघे आणि घोटे. पाठीवर ओझे घेऊन धावणाऱ्या तरुणाला वेदनाशामक गोळी ही मिठाइतकी सवयीची होते, आणि डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या शांत पडलेला कोलायटिस उसळवू शकतात हे पोटविकारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतात. तिसरी उंची. स्वित्झर्लंडमधील रुग्णांच्या २०१४ च्या एका अभ्यासात ज्यांचा रोग उसळला त्यांनी आधीच्या चार आठवड्यांत दोन हजार मीटरहून उंच प्रदेशाचा किंवा विमानाचा प्रवास अधिक प्रमाणात केलेला आढळला. आमचा मुलगा कोठे असतो? लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, आणि सियाचेनची कित्येक ठाणी पाच हजारांच्या पलीकडे.

यावर प्रतिपक्षी म्हणेल की हे सगळे संबंध आहेत, सिद्ध कार्यकारणभाव नव्हे. अगदी बरोबर, आणि प्रयोगशाळेत मी त्याच्याच बाजूने बोललो असतो. पण प्रश्न प्रयोगशाळेचा नाही, पेन्शनच्या पात्रतेचा आहे, आणि तेथे सरकारने स्वतःच दोन दारे ठेवलेली आहेत : रोग सेवेमुळे उद्भवलेला असावा, किंवा सेवेने वाढलेला असावा. पहिल्या दाराशी वाद घालण्यात सारी शक्ती खर्च करून दुसऱ्या दाराकडे पाठ फिरविणे ही बोर्डांची जुनी खोड. माणसाच्या आतड्यात रोगाचे बीज जन्मतः होते असे क्षणभर गृहीत धरले, तरी ज्याला वेळेवर जेवण, वेळेवर औषध, झोप आणि शौचालय या चार गोष्टी लागतात त्याला या चारही गोष्टींची शाश्वती नसलेल्या ठिकाणी वर्षभर ठेवल्यावर रोग वाढला नाही, असे लिहावयास लेखणी उचलते तरी कशी? १९८२ च्या पात्रता-नियमांच्या परिशिष्टातच हवामान, मानसिक ताण, आहाराची सक्ती, कूच व कवायत अशा सेवेतील परिस्थितींनुसार रोगांचे वर्ग पाडलेले होते. म्हणजे परिस्थिती रोगावर परिणाम करते हे तत्त्व सरकारला तेव्हाही ठाऊक होते.

न्यायालयाचे मतही येथे नोंदविले पाहिजे. धर्मवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात अपस्माराचे झटके येऊ लागल्यामुळे सेवेबाहेर काढलेल्या एका शिपायाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निकाल दिला तो असा की भरतीच्या वेळी नोंदीत कोणताही रोग लिहिलेला नसेल तर माणूस निरोगी दाखल झाला असे धरावे. पुढची प्रकृतीची हानी सेवेमुळे झाली असे मानावे. उलट सिद्ध करण्याचा भार शिपायावर टाकू नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा. आणि रोग भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे म्हणणे असेल तर त्याची कारणे बोर्डाने लेखी द्यावीत. पाठोपाठ २०१४ मध्ये सुखविंदर सिंह यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की ज्याला आजारपणासाठी सेवेतून काढले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांच्या वरच मानले पाहिजे. अन्यथा त्याला काढलेच का? हे साधे वाक्य कित्येक बोर्डांच्या गणिताला पुरून उरले, कारण अपंगत्व एकोणीस टक्के लिहिले की पेन्शन वाचते आणि माणूसही जातो, अशी दुहेरी बचत तोवर शक्य होती.

हे निकाल १९८२ च्या नियमांवर उभे होते, त्यानंतर २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नियम बदलले, आणि नव्या नियमांनी शिपायाच्या बाजूचे गृहीतक पुष्कळ बोथट केले, हे प्रतिपक्षी आवर्जून सांगतो, व ते खरे आहे. पण सेवेने रोग वाढला का, हा प्रश्न कोणत्याही नियमाने रद्द केलेला नाही, आणि कारणे न देता निष्कर्ष लिहिण्याची मुभा कोणत्याही नियमाने दिलेली नाही. न्यायाधीश हा वैद्य नव्हे, म्हणून वैद्याच्या मताला मान द्यावा, असा जो युक्तिवाद सरकारी वकील करतात तो मला वैद्य म्हणून मान्य आहे. फक्त मत म्हणजे काय याविषयी आमचा मतभेद आहे. छापील रकान्यात ‘देहप्रकृतिजन्य, सेवेशी संबंध नाही’ असा जो एका ओळीचा शेरा मी अनेक कागदांवर शब्दशः सारखाच वाचला आहे, त्याला मी मत म्हणत नाही. तो शिक्का आहे.

परंतु कायद्याचे हे सारे विवेचन त्या टप्प्यावरचे आहे, जेथे रोग कागदावर आलेला असतो. खरी हानी त्यापूर्वीच होऊन गेलेली असते, आणि प्रतिपक्षाला ती दिसत नाही, याचे कारण ती कोणत्याही दप्तरात नसते. माझ्या दवाखान्यात रजेवर आलेले जवान येतात. अंधार पडल्यावर येतात, आई-बाप बरोबर नसताना येतात, आणि बसण्यापूर्वी पहिले वाक्य म्हणतात, “कागदावर काही घेऊ नका, डॉक्टरसाहेब.” का रे बाबा? तर “युनिटला कळलं की कॅटेगरी लागंल.” फौजेत प्रकृतीचे पाच भाग करून प्रत्येकाला श्रेणी देतात, त्या समुच्चयाला ‘शेप’ म्हणतात, पोटाचा रोग त्यातल्या ‘पी’खाली पडतो, शेप-वन असलेला माणूस सर्वत्र चालतो, आणि पी-टू किंवा पी-थ्री लागला की बढतीचा कॅडर, सेवेची मुदतवाढ, परदेशी यूएन मिशन, सगळे एकेक करून बंद होऊ लागते. हे त्या पोराला भरतीच्या पहिल्या वर्षातच पाठ झालेले असते. रोगाची माहिती त्याला पुढे कधीतरी होते.

अशाच एका मुलाच्या पिशवीत मला जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली दिसली, आणि झाकण उघडले तर आत मेसालामाइन या कोलायटिसवरच्या औषधाच्या लांबट गोळ्या, पट्टीतून एकेक सोडवून भरलेल्या. बॅरेकमध्ये खाटेशेजारच्या पेटीत पट्टी सापडली तर नाव वाचता येते; बाटलीला कोणी विचारत नाही. दिवसाला सहा गोळ्या घ्यावयाच्या होत्या. सर्वांसमोर जीवनसत्त्वाच्या गोळ्या कोण सहा घेतो, म्हणून तो सकाळी एक आणि रात्री एक घेई. परिणामी रोग पुरता दबत नसे आणि पुरता उसळतही नसे. झेलम एक्सप्रेसने पुण्याहून जम्मूस जाताना तो शौचालयाला चिकटून असलेला बर्थ मुद्दाम मागून घेई, जो इतर प्रवासी पैसे देऊन बदलू पाहतात. तिकीट तपासणाऱ्याला त्याचे नवल वाटे. रस्त्याच्या प्रवासापूर्वी तो आदल्या दुपारपासून जेवत नसे. ताफा मध्ये थांबवता येत नाही. थांबवावयाचा तर कारण सांगावे लागते, आणि सांगितलेले कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीला ठाऊक होते. रात्री पोस्टवर उठायचे तर संत्रीला हाक द्यावी लागते. एकदा, दोनदा ठीक. चौथ्यांदा संत्री हसतो. पुढच्या आठवड्यात तुम्हाला टोपणनाव पडलेले असते. ते टोपणनाव त्याने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. हिमोग्लोबिन तपासले ते आठ पूर्णांक काही दशांश निघाले, आणि हा मुलगा महिन्यापूर्वी युद्धक्षमतेची धाव पास झाला होता.

मी त्याला खोट्या नावाने चिठ्ठी दिली नाही. लष्करी रुग्णालयात जाऊन खरे सांग असे बजावले, आणि तेथे जे उपचार आहेत ते माझ्या गावच्या दवाखान्यात नाहीत हेही सांगितले. कारण फौजेचे वैद्यक हे या कथेतले खलपात्र मुळीच नाही. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात किंवा दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलात जे पोटविकारतज्ज्ञ आहेत, जी दुर्बीण आहे, इन्फ्लिक्सिमॅबसारखी जी महाग औषधे शिपायाला एक पैसा न मोजता मिळतात, ती त्याच गावातल्या शेतकऱ्याच्या मुलाला स्वप्नातही मिळत नाहीत. मग इतकी उत्तम व्यवस्था असताना मुलगा तिच्यापासून लपतो, हे का? औषध देणारा हात आणि श्रेणी लावणारा हात एकाच बाहीतून बाहेर येतो, म्हणून. ‘लवकर घरी पाठवा’ या धोरणाचे फळ असे की आजारी माणसे फौजेतून कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशी होतात; त्यांचा रोग गुप्त राहतो तोवर वाढतो, आणि उघड होतो तेव्हा बहुधा अशा जागी, जेथून हेलिकॉप्टरने आणावे लागते. सोबत्यांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या प्रतिपक्षाने या गणिताचा विचार केला आहे काय?

तिसऱ्या मुद्द्यातले तथ्य आता मान्य करतो. ज्याला हा रोग आधीपासून आहे त्याला भरती करू नये. अमेरिकेचे भरतीचे नियमही त्याला अपात्र ठरवितात, आणि त्यात अन्याय नाही, कारण न घेतलेल्या माणसाला फौजेने काही देणे नसते. ज्याचा रोग उसळलेला आहे त्याला अतिउंचीवर ठेवू नये. ज्याला ॲझाथायोप्रिन हे औषध चालू आहे त्याच्या पांढऱ्या पेशी वरचेवर मोजाव्या लागतात, आणि ते पोस्टवर शक्य नाही. ज्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू आहेत त्याला पीतज्वराची जिवंत लस देता येत नाही, तेव्हा काँगो किंवा दक्षिण सुदानच्या मिशनवर त्याने जाऊ नये. हे सर्व मान्य. पण यातून ‘अमुक ठिकाणी नको’ एवढेच निष्पन्न होते. ‘कोठेच नको’ हे निष्पन्न होत नाही. कोलायटिसचे बहुसंख्य रुग्ण कोणत्याही एका क्षणी पाहिले तर बरेचसे उतारावर असतात; गोळ्या नियमाने घेणारा, रक्त थांबलेला, वजन भरून आलेला तरुण हा सिग्नल्सच्या केंद्रात, वर्कशॉपमध्ये, शस्त्रागारात, प्रशिक्षणाच्या मैदानावर दुसऱ्या कोणाइतकाच उपयोगी आहे. फौजेत अशा जागांना शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणतात आणि त्या कमी आहेत असे सांगितले जाते. लांबच्या रजेवरून परतलेल्या गुडघेमोड्या जवानासाठी त्या निघतात, मोठ्या साहेबांच्या घरी राबणाऱ्या धडधाकट माणसासाठीही जागा निघत आली आहे, मग आतड्यासाठीच का निघू नये?

संख्येची भीती तर निव्वळ काल्पनिक. लुधियानाच्या वैद्यांनी पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. हे प्रमाण जसेच्या तसे सुमारे बारा लाखांच्या स्थलसेनेला लावता येत नाही, कारण भरतीत गाळणी असते आणि वयोगट वेगळा असतो. तरी लावून पाहिले तर आकडा पाचशेच्या आसपास येतो. पाचशे माणसांना सोयीच्या जागी नेमण्याने हे सैन्य मोडकळीस येईल असे म्हणणाऱ्याने सैन्याविषयी फारच हलके मत करून घेतलेले असले पाहिजे.

घरी पाठविलेल्याचे पुढे काय होते, याविषयी प्रतिपक्ष ‘त्याचेही हित’ एवढेच बोलून थांबतो. दहा वर्षे सेवा न झालेल्याला आजारपणाची पेन्शन मिळतच नसे. जुलै २०२० च्या सरकारी हुकुमाने ती अट काढली, हे स्वागतार्ह, पण सोबत अशी अट घातली की माणूस लष्करी सेवेलाच नव्हे तर मुलकी नोकरीलाही कायमचा अपात्र झालेला असावा. कोलायटिसचा रुग्ण या फटीतून बरोबर खाली पडतो. तो इतका आजारी, की फौजेला नको. आणि इतका धड, की मुलकी नोकरी करू शकेल असे बोर्ड लिहिणार. गावी येऊन तो सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी जातो, तेथे बारा तासांची पाळी आणि शौचालय नसलेले फाटक. औषध आता स्वतःच्या खिशातून. हाच का तो मुलगा ज्याच्या हिताची चिंता वाहिली गेली?

२०२२ पासून आलेल्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न आणखी टोकदार केला आहे. साडेसतरा ते एकवीस या वयात भरती, चार वर्षांची सेवा, नियमित पेन्शन नाही. अपंगत्व आले तर शंभर, पंचाहत्तर आणि पन्नास टक्क्यांसाठी अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाखांची एकरकमी भरपाई, पण ती रोग सेवेमुळे झाला किंवा वाढला असे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिले तरच. सेवेची ही चार वर्षे पूर्णपणे रोग प्रकट होण्याच्या वयातच पडतात. चार वर्षांनंतर कायम होणाऱ्या चौथ्या हिश्श्यात आपण असावे म्हणून धडपडणारा अग्निवीर रक्त पडू लागल्यावर सिक रिपोर्टवर जाईल, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, उभा राहून खरे सांगेल, असे ज्यांना वाटते त्यांनी या वयाचे मूल बहुधा घरात पाहिलेले नाही. तो चार वर्षे सोसेल, बाहेर पडेल, आणि मग त्याच्या नोंदवहीत एकही तक्रार नाही या कारणाने त्याला सांगण्यात येईल की रोग सेवेनंतरचा आहे.

म्हणून बोर्डाकडे माझी मागणी मोठी नाही, आणि तिच्यासाठी नियमांत एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. शेऱ्याच्या रकान्याखाली बोर्डाने आणखी काही ओळी लिहाव्यात : या शिपायाच्या युनिटमध्ये गेल्या पाच वर्षांत जुलाबाच्या साथी केव्हा केव्हा आल्या आणि त्यांत तो होता काय; त्याला वेदनाशामक गोळ्या किती आणि कोणी दिल्या; तो किती उंचीवर किती महिने राहिला; पोटाच्या तक्रारीने तो एमआय रूममध्ये प्रथम कोणत्या तारखेस उभा राहिला, त्या दिवशी त्याला काय देऊन परत धाडले, आणि दुर्बिणीची तपासणी कोणत्या तारखेस झाली. साथींच्या नोंदी युनिटच्या दप्तरात असतात, गोळ्यांच्या औषधभांडाराच्या वहीत असतात, नेमणुकांच्या शिपायाच्या सेवापुस्तकात असतात. मागविल्या तर आठवड्यात येतात. आणि पहिली तक्रार व निदान या दोन तारखांमधले महिने देहप्रकृतीच्या खाती टाकावयाचे की सेवेच्या, तेही बोर्डाने सही करण्यापूर्वी आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे.